नकाराचा अधिकार : जबलपूरच्या दोन हिंदी संहिता आणि मराठीतील वार्धक्यचित्रण

१

समाजाची वार्धक्याविषयीची धारणा आधी भाषेत साठते आणि मग साहित्यात तपासली जाते. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ आहे, तर हिंदीत ‘सठियाना’ हे क्रियापद. दोन्ही भाषांनी बुद्धिभ्रंशाची सीमारेषा नेमक्या साठाव्या वर्षावर आखली आहे. याउलट ‘म्हातारा’ हा शब्द व्युत्पत्तिकार संस्कृत ‘महत्तर’ या शब्दाशी जोडतात, आणि हिंदीने फारसीतून घेतलेल्या ‘बुजुर्ग’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘थोर’ असाच आहे. एकाच वयासाठी दोन्ही भाषांत अवहेलनेचा आणि गौरवाचा असे दोन शब्दसंच शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

हे दोन संच परस्परविरोधी आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वृद्धांची अवहेलना हा रोग आणि आदर हा त्यावरील उपाय, अशी मांडणी कीर्तनांपासून शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वत्र आढळते. साहित्यसमीक्षाही तिला अपवाद नाही. वृद्ध पात्र असलेली कलाकृती समोर आली की कुटुंबसंस्थेचा ऱ्हास, पिढ्यांमधील अंतर, मुलांची कृतघ्नता या सूत्रांभोवती तिचे विवेचन फिरते. अवहेलना आणि आदर ही वस्तुतः एकाच वृत्तीची दोन रूपे असू शकतात काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जबलपूर या एकाच नगरात वास्तव्य केलेल्या दोन हिंदी लेखकांच्या संहिता हा प्रश्न उपस्थित करतात. हरिशंकर परसाई यांचा ‘विकलांग श्रद्धा का दौर’ हा व्यंग्यनिबंध आणि ज्ञानरंजन यांची ‘पिता’ ही कथा या त्या दोन संहिता होत. त्यांच्या प्रकाशात मराठीतील काही सुपरिचित वार्धक्यचित्रांचे पुनर्वाचन येथे अभिप्रेत आहे.

या तुलनेला ऐतिहासिक आधारही आहे. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांताचे भाग होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. याच परिसरात गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. ज्ञानरंजन यांचा जन्म १९३६ सालचा, अकोल्याचा. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने ते जबलपूरला स्थायिक झाले आणि १९७३ पासून तेथूनच त्यांनी ‘पहल’ हे नियतकालिक चालवले. परसाई यांचा जन्म १९२४ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील जमानी येथे झाला. त्यांचे लेखनजीवन जबलपुरात घडले आणि १९९५ मध्ये त्यांचा मृत्यूही तेथेच झाला. भाषिक सीमा आणि प्रांतिक सीमा यांचा मेळ नसलेल्या या प्रदेशात हिंदी व मराठी संहिता एकत्र वाचणे हा समीक्षकाचा केवळ स्वेच्छेने केलेला खटाटोप ठरत नाही.

२

परसाई यांच्या ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या संग्रहाला १९८२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. संग्रहाला नाव देणारा निबंध एका क्षुल्लक घटनेपासून सुरू होतो. कोणीतरी येऊन निवेदकाचे पाय धरून जातो. आपण झपाट्याने श्रद्धेय होत चाललो आहोत, असे निवेदकाच्या ध्यानात येते आणि या बढतीचे कारण तो शोधू लागतो. लेखनात तर काही नवे घडलेले नाही. घडले आहे ते एवढेच, की त्याचा पाय मोडला आहे. जी श्रद्धा धट्टाकट्टा असताना वाट्याला आली नाही, ती अपंगत्वाबरोबर चालत आली. दया आणि श्रद्धा यांची ही सरमिसळ निवेदकाला सुखावत नाही, अस्वस्थ करते.

निबंधाचा पहिला स्तर परिचित परसाई शैलीतील आहे. पाया पडण्यामागील हिशेब, पाय धरण्याच्या मिषाने पाय ओढण्याची रीत, स्वतःच्या दारावरील पाटीवर स्वतःच ‘आचार्य’ लिहवून घेणारा गावातील प्राध्यापक, असे एकेक नमुने त्यात येतात. खरा वैचारिक गाभा मात्र त्यानंतर प्रकटतो. श्रद्धेय होणे म्हणजे व्यक्ती म्हणून संपणे, असे परसाई सुचवतात. श्रद्धेयाकडून अपेक्षा एवढीच, की जे घडते ते त्याने घडू द्यावे. त्याने विरोध करू नये. परंतु कोणाला व कशाला विरोध आहे, यावरूनच तर माणसाची ओळख पटते. पाया पडणारी मंडळी आपल्याला कोपऱ्यात बसायला सांगत आहेत, तुझ्यासाठी सर्व काही केले जाईल, पण तू कशाचेही कारण होणार नाहीस, असे बजावत आहेत, हे निवेदकाला जाणवते.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की हा निबंध लिहिणाऱ्या परसाईंनी वयाची साठी गाठलेली नव्हती. निबंधाचा विषयही नामतः वार्धक्य नाही. तरीही वार्धक्याविषयीच्या सामाजिक वर्तनाची यंत्रणा तो अचूक उलगडतो, आणि ती उलगडू शकतो ते वयाचा घटक बाजूला ठेवल्यामुळेच. केवळ पाय मोडल्याने जर कोपऱ्यातील आसन मिळत असेल, तर ते आसन ज्ञानाला किंवा अनुभवाला दिलेले नसते. ते निरुपद्रवीपणाला दिलेले असते. याच अर्थाने आदर हा अवहेलनेचा प्रतिपक्ष राहत नाही. अवहेलना वृद्धाला निर्णयाबाहेर ढकलते, आदर त्याला निर्णयाबाहेर उचलून ठेवतो. पद्धत वेगळी असली, तरी परिणाम एकच.

परसाई यांनी हे आसन प्रत्यक्षातही नाकारले, असे म्हणण्यास आधार आहे. उत्तरायुष्यात त्यांनी ‘देशबंधु’ या दैनिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर चालवले. आशीर्वाद देणारा आणि उत्तर देणारा यांत मूलभूत फरक आहे. उत्तर देणाऱ्याला चूक ठरवता येते, त्याच्याशी वाद घालता येतो. श्रद्धेयाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

३

परसाई यांनी जे विचाररूपाने मांडले, ते ज्ञानरंजन यांच्या १९६० च्या दशकातील ‘पिता’ या कथेत कृतिरूपाने दिसते. उन्हाळ्यातील एक तप्त रात्र, घरात पंख्याखाली झोपलेले कुटुंब आणि बाहेर खाटेवर तळमळणारे वडील, एवढाच या कथेचा ऐवज आहे. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी दृष्टी मुलाची आहे. वडील पंख्याच्या वाऱ्यात झोपायला तयार नाहीत. न्हाणीघरात नवा शॉवर बसवला आहे. वडील मात्र अंगाला तेल चोपडून, धोतर लंगोटासारखे बांधून अंगणातच बादलीने स्नान करतात. मुलांनी आणलेली महागडी फळे व बिस्किटे त्यांना बेचव लागतात. त्यांची रुची आमावट, गजक आणि डाळ-रोटी यांवर स्थिर आहे. कॉफी हाउसात बसणे, वेटरला बक्षिसी देणे, दीड रुपयाला केस कापून घेणे, हे सर्व तुमचे तुम्ही करा, मला त्यात ओढू नका, असे ते मुलांना सुनावतात.

ही कथा बहुधा पिढ्यांच्या संघर्षाची कथा म्हणून वाचली जाते. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. संघर्षाला दोन्ही बाजूंची मागणी लागते. येथे वडील काहीच मागत नाहीत. मुलेही क्रूर नाहीत. ती देऊ पाहतात. त्यांच्या देण्यात प्रेम आहे, अपराधभाव आहे आणि नव्याने हाती आलेल्या सुबत्तेचे प्रमाणपत्र वडिलांकडून मिळवण्याची आकांक्षाही आहे. वडील हे प्रमाणपत्र नाकारतात. सुखसोयींचा स्वीकार ही त्यांच्या लेखी केवळ सोय नाही. तो स्वीकारला की आपण मुलांच्या घरातील एक सुस्थित वस्तू होऊ, हे ते जाणतात, असे कथेच्या तपशिलांवरून म्हणता येते. परसाई ज्याला अव्यक्ती होणे म्हणतात, त्याविरुद्धचा हा मूक बंदोबस्त आहे.

कथेचे यश मुलाच्या मनःस्थितीच्या चित्रणात आहे. त्याच्या मनात वडिलांविषयी संताप आहे, करुणा आहे आणि एक प्रकारचा धाकयुक्त विस्मयही आहे. हे तिन्ही भाव एकमेकांत मुरलेले असल्याने वाचकाला कोणताही एक भाव वेगळा काढून घेऊन निश्चिंत होता येत नाही. वडिलांचा हट्ट लेखकाने उदात्त केलेला नाही. त्या हट्टामुळे मुलाची झोप जाते, घराला कानकोंडे व्हावे लागते, ही किंमतही कथेत नोंदलेली आहे. वृद्धाला व्यक्ती म्हणून मान्य करायचे तर त्याचा जाच होण्याचा हक्कही मान्य करावा लागतो, ही या कथेची अवघड मागणी आहे.

या कथेशेजारी उषा प्रियंवदा यांची ‘वापसी’ ही १९६० ची कथा ठेवली, म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रेल्वेची पस्तीस वर्षांची नोकरी संपवून घरी परतलेल्या गजाधर बाबूंना घरात स्थान उरलेले नाही. त्यांची खाट तात्पुरत्या व्यवस्थेसारखी कोठेतरी टाकली जाते. ते साखर कारखान्यात दुसरी नोकरी धरून निघून जातात आणि त्यांच्या पाठोपाठ खाट खोलीतून बाहेर काढण्याची गोष्ट निघते. दोन्ही कथांत खाट आहे. ‘वापसी’त खाटेची जागा इतर ठरवतात, ‘पिता’मध्ये खाटेवरील माणूस. वार्धक्यचित्रणातील सत्तासंबंध मोजण्यास एवढे एक परिमाणही पुष्कळदा पुरते.

४

मराठीत हे परिमाण एका म्हणीत आधीच सिद्ध आहे. समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, असे लोकव्यवहार सांगतो. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ची शोकांतिका याच व्यवहारज्ञानाच्या उल्लंघनातून उभी राहते. १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या या नाटकात अप्पासाहेब बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात. त्यानंतरचा त्यांचा प्रवास म्हणजे पाट सुटत जाण्याचा प्रवास आहे. मुलाचे घर, मुलीचे घर आणि अखेरीस उघडा रस्ता, असे त्याचे टप्पे आहेत. ‘किंग लिअर’शी असलेले या नाटकाचे नाते वारंवार चर्चिले गेले आहे. त्यामानाने एका भेदाकडे कमी लक्ष गेले. लिअर राज्य देतानाही राजेपणाचा मान आणि शंभर सरदारांचा लवाजमा राखून ठेवतो. बेलवलकर काहीच राखून ठेवत नाहीत. दान संपूर्ण असावे, हा त्यांचा नटाला साजेसा आग्रह आहे. पुढे नकार देण्याची पाळी येते, तेव्हा घर सोडून जाणे हा एकच नकार त्यांच्यापाशी शिल्लक असतो.

‘नटसम्राट’चा प्रेक्षक रडतो. हे रडणे सच्चे असले, तरी ते कोणासाठी आहे, हा प्रश्न उरतो. अप्पासाहेबांची थोरवी पूर्वायुष्यातील आहे; तीमुळे वर्तमानातील अपमान असह्य होतो. तात्पर्य, ‘एवढ्या मोठ्या माणसाची ही दशा’ या वाक्यावर नाटकाचा भावनिक डोलारा उभा आहे. कारकून किंवा गिरणी कामगार असलेल्या वृद्धाला या वाक्याचा लाभ मिळत नाही. करुणेला येथे पूर्वपुण्याईची अट आहे. ‘पिता’मधील वडिलांना अशी कोणतीही पूर्वपीठिका नाही. त्यांच्याकडे केवळ त्यांचा आजचा हट्ट आहे, आणि तेवढ्यावर ते कथा व्यापून राहतात.

जयवंत दळवी यांच्या १९७० च्या दशकातील ‘संध्याछाया’ या नाटकात ही अट नाही, हे त्याचे वेगळेपण. नाना आणि नानी हे सामान्य मध्यमवर्गीय दांपत्य आहे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. पाट त्यांच्याकडेच आहे, घर त्यांचेच आहे. ओढ आहे ती माणसांची. चुकून लागलेला दूरध्वनी आणि अनोळखी पाहुणा यांवर ते दिवस काढतात. दुसरा मुलगा मृत्यू पावल्यावर ते झोपेच्या गोळ्या घेऊन जीवन संपवतात. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाने आणि नानीच्या भूमिकेने हे नाटक मराठी मनात रुजले. हिंदी रंगभूमीवरही त्याचे प्रयोग झाले. या दांपत्याची अवहेलना कोणी केलेली नाही. मात्र त्यांच्या अस्तित्वाचे प्रयोजन संपूर्णपणे अपत्यांत ठेवलेले आहे, आणि अपत्ये गेली की नकाराला उरणारी एकच वस्तू म्हणजे जीवन. हे नाटक वृद्धांच्या एकाकीपणाविषयी जितके बोलते, तितकेच ते मध्यमवर्गीय पालकत्वाच्या कल्पनेविषयी बोलते. दुसरी बाजू सहसा ऐकली जात नाही.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील दादी या दोहोंपेक्षा निराळी आहे. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात वैदर्भीय देशपांडे कुटुंबाच्या वाड्यात ती एका बाजूस आहे आणि किती वाजले, हे ती पुनःपुन्हा विचारते. मुलगा व्यंकटेश मरण पावल्याचेही तिला उमगलेले नाही. तिच्याविषयी कोणी दुष्टपणा करीत नाही, तिला कोणी विशेष मानही देत नाही. ती स्वीकारत नाही, नाकारतही नाही. वाड्याचा काळ थांबलेला असताना काळाविषयी विचारणारी ती एकटीच आहे, ही नाटककाराची योजना प्रभावी आहे. पण या योजनेत दादी प्रतीक होते, आणि प्रतीक होणे हे श्रद्धेय होण्याच्या फार दूर नाही, ही शंका परसाई वाचलेल्या वाचकाला टाळता येत नाही.

५

येथवरच्या विवेचनावरून नकार हीच वृद्धाच्या व्यक्तित्वाची कसोटी, असे सूत्र काढण्याचा मोह होईल. परंतु त्याला एक गंभीर मर्यादा आहे. नाकारण्यासाठी आधी कोणी काही देऊ करावे लागते. ‘पिता’मधील वडील पंखा नाकारतात, कारण पंखा घरात आहे. प्रेमचंद यांच्या ‘बूढ़ी काकी’ला हा मार्ग उपलब्ध नाही. तिने आपली मालमत्ता पुतण्याच्या नावे केली आहे आणि घरात तिलकाचा समारंभ चालू असताना ती उपाशी आहे. अखेर ती उष्ट्या पत्रावळींवरील अन्न वेचून खाते. तिच्या वाट्याला नकाराची प्रतिष्ठा येऊ शकत नाही. तिच्यापाशी केवळ भूक आहे. ‘पिता’ आणि ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या दोन्ही संहितांचे केंद्र पुरुष आहे, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही. खाट अंगणात टाकण्याचे स्वातंत्र्य, पाया पडायला येणाऱ्याची टर उडवण्याचे स्वातंत्र्य, ही लिंगभावाने आणि मालकीने आखलेली स्वातंत्र्ये आहेत. ‘नटसम्राट’मधील कावेरी ही पतीच्या दानाची भागीदार नाही, पण त्याच्या परिणामांची पूर्ण वाटेकरी आहे, आणि परागंदा अवस्थेत आधी मृत्यू येतो तो तिला.

म्हणून कसोटी थोडी बदलून मांडावी लागते. संहितेतील वृद्ध नकार देतो किंवा नाही, एवढ्यावर न थांबता नकार शक्य करणारी किंवा अशक्य करणारी परिस्थिती संहिता दाखवते किंवा नाही, हे पाहावे लागते. या निकषावर ‘बूढ़ी काकी’ ही निष्क्रिय करुणेची कथा राहत नाही. मालमत्तेचे हस्तांतर आणि भूक यांतील कार्यकारणभाव ती उघड करते. शेवटी सुनेला होणारा पश्चात्ताप हा तिचा तुलनेने दुबळा भाग ठरतो.

साहित्याबाहेरच्या घडामोडीही याच दिशेने निर्देश करतात. २००१ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ७.४ टक्के होते, ते २०११ मध्ये ८.६ टक्के झाले. संख्येने ही माणसे दहा कोटींहून अधिक होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यातील कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला करून दिलेले दानपत्र अशाच कारणाने वादात सापडले. जबलपूर येथे मुख्य पीठ असलेल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिच्या विरोधात दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फिरवला आणि दानपत्र रद्द ठरवले. या कायद्याची भाषा संरक्षणाची आहे; वृद्ध त्यात लाभार्थी म्हणून येतो. मात्र दिलेले परत घेण्याचा अधिकार हा आशयतः नकाराचाच अधिकार आहे. बेलवलकरांना आणि बूढ़ी काकीला जे सुचूही शकले नसते, ते एका मातेने न्यायालयात मागितले. आदर न मागता, अट मोडल्याचा हिशेब तिने मागितला.

६

वयावरून होणाऱ्या भेदभावाला रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली. सिमोन द बोव्हार यांचा वार्धक्यावरील बृहद्ग्रंथ १९७० मध्ये, म्हणजे ‘नटसम्राट’च्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. समाज वृद्धाला ‘इतर’ ठरवून त्याचे कर्तेपण काढून घेतो, हे बोव्हार यांचे प्रतिपादन. परंतु त्यांच्यापुढील पाश्चात्त्य समाजात या प्रक्रियेचे प्रमुख साधन उपेक्षा हे होते. भारतीय भाषांतील साहित्याला आणखी एका साधनाचा विचार करावा लागतो, ते म्हणजे चरणस्पर्श. उपेक्षेविरुद्ध तक्रार करता येते. आदराविरुद्ध तक्रार करणारा कृतघ्न किंवा विक्षिप्त ठरतो. परसाई यांनी हे व्यंग्यनिबंधात मांडले, ते बहुधा यामुळेच. गंभीर गद्यात ही तक्रार उद्धटपणाची वाटली असती. आणि ज्ञानरंजन यांना ती वडिलांच्या मुखी न घालता त्यांच्या बादलीत, खाटेत आणि आमावटीत ठेवावी लागली, याचेही कारण तेच.

मराठी समीक्षेपुढे यातून एक ठोस काम उभे राहते. करुणरसाच्या निकषावर यशस्वी ठरलेल्या वार्धक्यविषयक कलाकृती पुन्हा वाचाव्या लागतील आणि प्रत्येकीला काही साधे प्रश्न विचारावे लागतील. यातील म्हातारी किंवा म्हातारा कशाला नाही म्हणतो? तसे म्हणण्याचे बळ त्याला कोठून येते? त्याच्या नकाराची किंमत कोण मोजते? या प्रश्नांची उत्तरे न देणारी कलाकृती त्यामुळे हलकी ठरणार नाही. पण तिने वाहायला लावलेल्या अश्रूंत वृद्धाला कोपऱ्यात बसवून ठेवण्याच्या सोयीचा अंश किती, हे तरी त्यामुळे कळू शकेल.